बडी अम्माचे चार निकाह

भाचीच्या जात पडताळणीसाठी कागद शोधायला निघाले आणि पणजी सापडली. या वेळचं संपादकीय खरं तर शिष्यवृत्त्यांवर लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. गेले सात-आठ महिने जे डोक्यात घोळतंय ते आधी तुमच्यापुढे ठेवते, कारण ते फक्त माझ्या घरातलं आहे असं मला वाटत नाही.

आमचं घर नाशिकला, द्वारका आणि कथडा यांच्या मधल्या एका गल्लीत. बाहेरगावच्या माणसाला द्वारका म्हटलं की वाहतूक कोंडी आठवते. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, ट्रक आणि एसटी. एक रस्ता मुंबईला, एक धुळ्याकडून आग्र्याला, एक पुण्याला आणि एक सारडा सर्कलवरून गावात. आमचा खानदानी धंदा पिंजाऱ्याचा. खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली फिरायचं, कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरून द्यायच्या. जुन्या नाशकात पिंजार घाट आजही आहे, पण आमच्या घरात आता पिंजारी कुणी उरलेला नाही. धनुकली माळ्यावर पडून आहे. उरली आहे ती दाखल्यावरची जात.

ती सिद्ध करायची तर ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. तुमच्यापैकी अनेकांनी हे हेलपाटे घातले असतील. मुसलमान ओबीसींची अडचण ठरलेली आहे. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढावं, तर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. आमच्या दादांच्या उर्दू शाळेच्या नोंदीतही तेच निघालं. मग वंशावळ. ती चालते बापाकडून. भाची, तिचा बाप, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी यांना त्या कागदावर घर नाही.

शेवटी कामाला आली ती नगरपालिकेच्या जुन्या मृत्यू रजिस्टरातली एक ओळ. आमचे परदादा १९४९ मध्ये वारले. नोंदीत जात ‘पिंजारी’ लिहिलेली होती. भाचीचं काम झालं. घरात मिठाई आली. मी मात्र त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात अडकले. तो रकाना खबर देणाऱ्याचा असतो. तिथे माझ्या पणजीचं नाव होतं, पुढे ‘मयताची बायको’ आणि खाली अंगठा. नवरा गेल्यावर कचेरीत जाऊन कारकुनाला नाव, वय, जात सांगून आली ती तीच. जिला वंशावळीत जागा नाही, तिच्या अंगठ्यावर आमची जात सिद्ध झाली.

आम्ही तिला बडी अम्मा म्हणायचो. १९९६ मध्ये ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. खाटेवर बसून दिवसभर सुपारी कातरणारी, माझ्या वेण्या करकचून घालणारी, डोळ्यांनी अधू पण कानाने तिखट म्हातारी, एवढीच ती मला माहीत. मृत्यूच्या दाखल्यावर वय ९५ लिहिलंय. ते अंदाजानेच लिहिलं असणार, कारण तिची जन्मनोंद नाही. पण ती एक गोष्ट नेहमी सांगायची. गोऱ्या कलेक्टरला नाटकघरात गोळी घातली, दुसऱ्या दिवशी गल्लीत पोलीसच पोलीस, आणि तिचे पुढचे दुधाचे दात तेव्हा पडलेले होते. कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात गोळी घातली ती २१ डिसेंबर १९०९ रोजी. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे तिचा जन्म १९०३ च्या आसपासचा, आणि गेली तेव्हा ती त्र्याण्णव वर्षांची असावी.

आता बडे अब्बांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आमचा शजरा लावलेला आहे. हिरव्या शाईत सात पिढ्या, सगळे पुरुष. आमच्या एका चुलत परदादांनी एकाच वेळी दोन बायका केल्या होत्या. ते मात्र शजऱ्यात दिसतं, कारण त्यांच्या नावाखाली ‘महल अव्वल’ आणि ‘महल दुवम’ असे दोन फाटे काढून मुलं दाखवली आहेत. बडी अम्माची खूण तेवढीही नाही. मृत्यूची नोंद सापडल्यावर मी बडे अब्बांना विचारलं, तिचं माहेर कुठलं, लग्न कधी झालं? ते म्हणाले, “छोड ना बेटा, पुरानी बातें.” जिथे ‘छोड ना’ म्हणतात तिथेच खणावं, हे मी या मासिकात काम करताना शिकले.

निकाहाची जुनी रजिस्टरं काझींच्या घराण्यात सांभाळलेली असतात. आमच्या भागातल्या काझी साहेबांनी परवानगी दिली. माझं उर्दू जेमतेम, आणि त्या घसटत्या अक्षरापुढे तेही पांगळं, म्हणून मोहल्ल्यातल्या एका निवृत्त मास्तरांना सोबत नेलं. परदादांचा निकाह शोधायचा एवढाच बेत होता. तो १९२९ मध्ये मिळाला. मुलीच्या नावापुढे ‘बिन्त’ लिहून तिच्या बापाचं नाव, आणि त्यापुढच्या रकान्यात एक शब्द. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, “मुतल्लका लिहिलंय.” म्हणजे तलाक झालेली. परदादा तिचे पहिले नवरे नव्हते.

तिथून आम्ही मागे गेलो, मग पुढे आलो. चार रविवार लागले. एकाच बाईचे चार निकाह सापडले, १९१७, १९२१, १९२९ आणि १९५६. नवऱ्याचं नाव दर वेळी वेगळं. ‘बिन्त’नंतरचं नाव मात्र चारही वेळा तेच. नवऱ्याच्या नावाने तिला शोधलं असतं तर ती चार वेगवेगळ्या बायका निघाली असती. बापाच्या नावाने शोधलं म्हणून ती एक राहिली. लग्नानंतरही बाईचं नाव तिच्या बापाच्याच नावाशी जोडलेलं राहावं ही आपल्याकडची जुनी रीत. ती किती कामाची आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सरकारी कागदांत हीच बाई विरघळून जाते. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा मतदार यादीत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच त्या सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढली. त्यातली बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली होती, आणि सगळ्याच धर्मांच्या बायकांची होती. पण भिंतीवरचा आमचा शजरा पाहा. आम्ही वेगळं काय केलं?

पहिला निकाह चौदाव्या वर्षी. त्यात तिला कुणी काही विचारलं असेल असं समजून मी स्वतःची फसवणूक करणार नाही. मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. तिचं बालपण त्याआधीच संपलं होतं. दीड वर्षात नवरा गेला. ती १९१८ ची मानमोडीची साथ. या साथीत देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं मेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक हे एकच. त्या काळी सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होतं. त्यामुळे विधवा होणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. पदरात एक मुलगी होती. ती पुढे मालेगावला दिली. ज्यांना आम्ही ‘मालेगाववाले’ म्हणून लांबचे पाहुणे समजत आलो, ते आमचे सख्खे निघाले.

दुसरा निकाह १९२१ चा. हा नवरा मुंबईला गिरणीत गेला. आमच्या घरात सांगितलं जायचं की तो गोदीत अपघाताने वारला. रजिस्टर म्हणतं, ती मुतल्लका होती. म्हणजे तलाक लपवण्यासाठी घराने एका जिवंत माणसाला मारलं. विधवा म्हटलं की लोक हळहळतात, तलाकशुदा म्हटलं की चौकशी करतात. तरी एका अर्थाने ती सुटली. तो तलाक न देता नुसता नाहीसा झाला असता, तर हनफी मताप्रमाणे तिला जवळजवळ जन्मभर थांबावं लागलं असतं. चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर बाईला कोर्टातून मोकळं होता येईल, अशी तरतूद आली ती १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात. उलेमांपैकीही काहींनी त्यासाठी मालिकी मताचा आधार पुढे केला होता, कारण नवरा बेपत्ता झालेल्या बायकांचे हाल त्यांना दिसत होते.

तिसरे आमचे परदादा. बायको वारलेली, चार मुलं, आणि घरभर कापसाची धूळ. ती सावत्र मुलांची आई झाली, गाद्यांना दोरे घालायला शिकली, आणि १९३१ मध्ये दादांना जन्म दिला. या वीस वर्षांबद्दल घरात सगळे कौतुकाने बोलतात. तिने चार परक्या पोरांना कसं वाढवलं, परदादा आजारी पडल्यावर धंदा कसा ओढला, हे मी लहानपणापासून ऐकत आले.

चौथ्या निकाहाबद्दल कधीच काही ऐकलं नव्हतं.

तो १९५६ चा, सिंहस्थाच्या वर्षातला. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची असणार. रजिस्टरात वय ४५ लिहिलंय. मास्तर आणि मी दोघंही हसलो. नवरा टांगेवाला, बायको वारलेला, नाशिकरोड स्टेशन ते गाव अशा खेपा करणारा. मेहर १०१ रुपये, रोख, तिथल्या तिथे दिलेले. दादा तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, कमावते होते, त्यांचं लग्न झालेलं होतं. म्हणजे बडी अम्माला छप्पर नव्हतं, पोटाला नव्हतं, मुलं लहान होती, यातलं एकही कारण या निकाहाला लागू पडत नाही. तिला लग्न करायचं होतं म्हणून तिने केलं.

मित्रमैत्रिणींनो, या अंकात मला सांगायचं आहे ते इथे आहे. तिचे पहिले तीन निकाह कळल्यावर घरातल्या बायका हळहळल्या. बिचारी, काय काय भोगलं तिने, म्हणाल्या. चौथा कळल्यावर सगळ्या गप्प झाल्या. बाईच्या दुसऱ्या लग्नाला आपण माफी देतो ती लाचारीच्या अटीवर. पोरं लहान असावीत, आधार नसावा, कुणीतरी ‘उपकार’ म्हणून पदरात घेतलेलं असावं. तिला सोबत हवी होती, घरी परतल्यावर बोलायला कुणी हवं होतं, असं म्हटलं की आपल्याला पचत नाही. बडी अम्माला शजऱ्यातून वगळणं हा अन्याय होताच. पण तिला ‘बिचारी’ म्हणून शजऱ्यात घेणं हाही अन्यायच ठरेल.

आता वकिलाच्या रकान्याबद्दल. निकाहात वकील तो, जो बाईची मर्जी विचारून येतो आणि तिच्या वतीने होकार कळवतो. बडे अब्बा मला सांगत होते की दादांना या लग्नाची फार शरम वाटली, ते दोन वर्षं आईशी बोलले नाहीत. रजिस्टरात वकील म्हणून नाव आहे दादांचं. आईची मर्जी विचारणारा तिचा मुलगाच, आणि त्याची सही आजही स्वच्छ वाचता येते. हे मासिक वाचणाऱ्यांना सांगायला नको की आईच्या निकाहात मुलाने पुढे होणं यात नवल काही नाही. हनफी फिकहात विधवा आईच्या वलींमध्ये मुलाचं नाव सर्वांत आधी येतं. उम्मे सलमा या चार मुलांची आई असलेल्या विधवा. पैगंबरांशी त्यांचा निकाह झाला तेव्हा त्यांचा मुलगाच वली होता, असं परंपरेत सांगितलं जातं.

मग शरम आली कुठून? माझा अंदाज असा. १९५६ मध्ये आमचं घर कापूस पिंजणारं होतं. मोहल्ल्यातल्या बाईने तिसरा-चौथा निकाह केला तर लोक शिरखुर्मा खाऊन घरी जायचे. पुढे मुलं शिकली, नोकऱ्या लागल्या, पक्कं घर झालं. सोबत ‘शरीफ घराण्याच्या’ कल्पना आल्या. शरीफ घरात बाई एकाच नवऱ्याच्या नावाने जगते आणि मरते, अशी एक समजूत आपण कुठून तरी उचलली. १९८० च्या सुमारास शजरा तयार झाला आणि चौकटीत गेला, तेव्हा चौथा निकाह आमच्या इतिहासातून गेला. दादांची दोन वर्षांची नाराजी ही गोष्टही तेव्हाच रचली गेली असावी. म्हणजे शरम निकाहापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे.

ती शरम दीनातून आलेली नाही, हे तर कुणीही तपासू शकतं. हजरत खदीजा पैगंबरांशी लग्नाआधी विधवा होत्या, हे आपल्याला मदरशात पहिल्याच वर्षी शिकवतात. अस्मा बिन्त उमैस यांचा पहिला निकाह जाफर इब्न अबी तालिब यांच्याशी. ते मूताच्या लढाईत शहीद झाले. दुसरा हजरत अबू बक्र यांच्याशी, तिसरा हजरत अली यांच्याशी. अबू बक्र यांचा मुलगा मुहम्मद आईबरोबर अलींच्या घरात वाढला. आतिका बिन्त जैद यांचे नवरे एकामागून एक मारले गेले, त्यांत हजरत उमर आणि हजरत जुबैरही होते. तरी त्यांना कुणी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही. उलट ज्याला शहादत हवी त्याने आतिकाशी लग्न करावं, असं मदिनेत बोललं जायचं म्हणतात. नवव्या शतकात इब्न साद यांनी ‘तबकात’ हा चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग बायकांचा आहे. त्यात बाईचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, मग पहिला निकाह, दुसरा निकाह, कुणापासून कोणती मुलं, असं सगळं सरळ लिहिलेलं आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला जे लिहिताना संकोच वाटला नाही, ते माझ्या द्वारकेच्या घराला झाकावंसं वाटलं.

कुरआनने इद्दतीची मुदत ठरवून दिली, विधवेला चार महिने दहा दिवस. त्यानंतर बाईने स्वतःबद्दल योग्य रीतीने काय ठरवावं त्यात इतरांना दोष नाही, आणि तलाक झालेलीला पुन्हा लग्न करण्यापासून अडवू नये, हेही सूरह बकरात आलेलं आहे. विधवेचा वारसा हक्कही ठरलेला आहे. मुलं असतील तर नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. तिने पुन्हा निकाह केला म्हणून तो हिस्सा परत जात नाही. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाची मुभा दिली, पण पुन्हा लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क काढून घेतला. त्या काळाशी तुलना केली तर आपल्याकडचा हक्क मोठा होता. आपण तो ग्रंथात ठेवला आणि घरात रिवाज पाळला.

हे सगळं मी आत्ताच का लिहितेय, तेही सांगते. माझी धाकटी फुफी चोपन्न वर्षांची आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, तिचा नवरा गेला. एक मुलगा पुण्याला, एक दुबईला. ती तीन खोल्यांत एकटी असते, संध्याकाळी आवाजासाठी टीव्ही लावून ठेवते. गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांकडून पैगाम आला, त्यांची बायकोही वारलेली. फुफी नाही म्हणाली नाही. मुलं म्हणाली, “अम्मी, इस उम्र में? लोग क्या कहेंगे?” आणि बडे अब्बा म्हणाले, “हमारे खानदान में ऐसा कभी नहीं हुआ.”

चार रविवारांनंतर मला माहीत होतं की झालं होतं. याच खानदानात, याच वयात, आणि मुलाने स्वतः वकील होऊन.

मी ते घरच्या बैठकीत सांगितलं. खूप बोलाचाली झाली. एका चुलत भावाने विचारलं, हे खणून तुला काय मिळालं? फुफीच्या मुलांचा मुद्दा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. घर फुफीच्या नावावर आहे. तिने निकाह केला आणि ती आधी गेली, तर शरियतप्रमाणे नव्या नवऱ्याला तिच्या मालमत्तेत चौथा हिस्सा मिळेल. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर इलाजही आहे. फुफी हयातीत मुलांना हिबा करू शकते. होणाऱ्या नवऱ्याशी आधीच मोकळं बोलू शकते. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. पैशाची भीती असेल तर ती पैशाची म्हणून बोलावी आणि कागदावर सोडवावी. तिच्यावर इज्जतीची शाल पांघरू नये.

बडे अब्बांनी शेवटी एक अट घातली. बडी अम्माचं नाव मासिकात छापायचं नाही. नावं पुसली जाण्याबद्दल लिहिताना तिचंच नाव गाळायचं, हे मला बोचतं. तरी मी मान्य केलं, कारण बदल्यात एक गोष्ट मागितली. शजऱ्याची चौकट भिंतीवरून उतरली आहे. नवा कागद लिहायला दिलाय. त्यात तिचं नाव, तिच्या आईबापाचं नाव आणि चारही निकाह येतील. मालेगाववाल्यांचा फाटाही येईल.

आता तुमच्याबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांना आपल्या पणजीचं नाव सांगता येणार नाही. शोधायचं असेल तर सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून करा, पुरुषापासून नको. तिला साल विचारू नका. कुठल्या पुरात, कुठल्या साथीत, कुणाच्या बारशाला, असं विचारा. नाशिककराला १९६९ चा गोदावरीचा महापूर आठवतो. दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला होता त्यावरून माणसं मुलांची वयं सांगतात. बडी अम्माचा टांगेवाला नवरा त्या पुराच्या वर्षी वारला, हे मला एका शेजारणीकडून असंच कळलं. म्हणजे तेरा वर्षं दोघांनी संसार केला.

मग कागदांकडे वळा. काझींचं निकाह रजिस्टर, त्यात बाईला ‘बिन्त’वरून शोधा. उर्दू आणि मराठी शाळांची जनरल रजिस्टरं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि गाव असेल तर कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा हीच कोतवाल बुकं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या पानांवर आपलेही पूर्वज आहेत. नोंदीचा शेवटचा रकाना जरूर वाचा, खबर देणाऱ्याचा. घरांसाठी मिळकत पत्रिका, शेतीसाठी फेरफार आणि वारस नोंद पाहा. बहिणींच्या हक्कसोडीच्या नोंदी तिथे सापडतात, आणि त्या वाचून झोप उडते. कब्रस्तानाच्या वहीत बाई नवऱ्याच्या नावाने असते. बडी अम्मा तिथे तिसऱ्या नवऱ्याची बायको म्हणून नोंदवलेली आहे, चौथा असून नसल्यासारखा. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्याकडे आत्ताच बसा. जमलं तर शिका.

एक सावधगिरी. सापडलेलं सगळं सगळ्यांना सांगायची घाई करू नका. जिवंत माणसांची मनं दुखावतात. पण खोटं सापडलं तर ते पुढच्या पिढीच्या हाती तसंच देऊ नका.

फुफीने अजून काही ठरवलेलं नाही, आणि ते ठरवणं तिचं काम आहे, माझं नाही, तिच्या मुलांचंही नाही. गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. १९५६ च्या नोंदीची झेरॉक्स मागितली. बराच वेळ खालची सही पाहत बसली. मग विचारलं, “ये अब्बा की दस्तखत है ना?” मी हो म्हटलं. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी तिच्या धाकट्या मुलाचा दुबईहून मला फोन आला. त्याला त्या शिक्षकांचा नंबर हवा होता.

तुमच्या घरातल्या अशा बाईबद्दल आम्हाला लिहा, मराठीत किंवा हिंदीत. नाव छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तुमच्या शजऱ्यात मात्र लिहा.